रविवार कुणी आणला? आणि तो चुलीपर्यंत का पोचला नाही?

आजच्या बोलण्यात कर्ज नाही, व्याज नाही, हप्ता नाही आणि शेळीपालनही नाही. आज आम्ही गटाच्या सहयोगिनी तुमच्याशी विसाव्याबद्दल बोलणार आहोत. हातातलं काम असेल तर ते चालू ठेवूनच ऐका, आमची हरकत नाही. पण बोलणं संपेपर्यंत हात थोडे सैल पडले, तर आम्हाला बरं वाटेल.

गटाच्या बैठकीत आम्ही कधी विचारतो, "बायांनो, मोकळ्या वेळात काय करता?" तेव्हा आधी सगळ्या हसतात. मग एखादी म्हणते, "मोकळा वेळ? तो काय असतो?" दुसरी म्हणते, "दुपारी जरा भांडी घासते, निवडण करते." म्हणजे आपला मोकळा वेळसुद्धा कामानेच भरलेला. आणखी एक गोष्ट पाहा. दुपारी घटकाभर भिंतीला टेकून बसलेली बाई दार वाजलं की चटकन उठते आणि हातात सूप नाहीतर झाडू घेते. जणू बसणं म्हणजे चोरी आणि आपण ती करताना सापडलो. "नुसती बसली होती" हे आपल्याकडे बाईचं कौतुक नाही, तक्रार आहे.

म्हणून आज आपण थोडा इतिहास बघू. रविवारची सुट्टी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शाळा बंद, बँक बंद, पंचायतीचं ऑफिस बंद. पुष्कळांना वाटतं, साहेब चर्चला जायचा म्हणून त्याने सगळ्यांना रविवार दिला. कचेऱ्यांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण कष्टकरी माणसाला रविवार साहेबाने दिला नाही. तो मागावा लागला, त्यासाठी सह्या आणि अंगठे गोळा करावे लागले, सभा घ्याव्या लागल्या, आणि त्याला सहा वर्षं लागली. ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि तिच्यात आपल्यासारख्या बायकाही होत्या.

आधी गिरण्या कशा आल्या ते सांगतो. १८५४ मध्ये कावसजी दावर नावाच्या पारशी व्यापाऱ्याने मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली. दोन वर्षांनी ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत मुंबईत गिरण्यांच्या चिमण्यांचं रानच उभं राहिलं. त्यात काम करायला माणसं आली ती रत्नागिरीहून, साताऱ्याहून, पुणे-नगरच्या खेड्यांतून. कुणाची जमीन सावकाराकडे गेली होती, कुणाची पावसाअभावी पडीक होती.

गिरणीत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. म्हणून काम सूर्याच्या हिशोबाने चालायचं. उजाडलं की सुरू, अंधारलं की बंद. हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून काम थोडं कमी. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. तुम्ही म्हणाल, शेतातही तसंच असतं, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. बरोबर आहे. पण शेतातल्या कामाला स्वतःचा श्वास असतो. न्याहारी असते, दुपारी झाडाखाली पाठ टेकणं असतं, पाऊस धरला की थांबणं असतं. आणि जनावराच्या विसाव्याची तर आपल्या जुन्या माणसांनी किती काळजी घेतली होती! कितीतरी गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. पोळ्याला, बेंदराला बैलाला अंघोळ, पुरणपोळी आणि काम बंद. नागपंचमीला नांगर धरायचा नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. लेक माहेरी आली की झोका, फुगडी, झिम्मा. विसावा आळशीपणाचा आहे असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. तो वाराला आणि सणाला बांधून दिला होता, म्हणजे मालकाची इच्छा असो नसो, तो पाळावाच लागायचा.

गिरणीच्या यंत्राला मात्र सोमवार नव्हता आणि पोळाही नव्हता. सणावाराच्या थोड्या सुट्ट्या सोडल्या तर रोज भोंगा वाजायचा. गिरणी बंद असली तरी यंत्रं पुसायला, साफ करायला कामगारांना बोलावत. गावाकडे ज्या माणसाने आपल्या बैलाला सोमवारी सोडून दिलं होतं, त्या माणसाला शहरात आठवड्याचा एक दिवस मिळत नव्हता.

आता या गोष्टीतला मुख्य माणूस. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. शिक्षण बेताचं. आधी रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी केली, मग मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणीत कामगारांचे हाल त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले. ते महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. १८८० मध्ये 'दीनबंधू' हे वर्तमानपत्र त्यांनी हाती घेतलं आणि त्यात कामगारांची दुःखं मांडायला सुरुवात केली.

१८८१ मध्ये सरकारने कारखान्यांचा पहिला कायदा केला. तो फक्त मुलांपुरता होता. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून जास्त काम घ्यायचं नाही. ऐकताना अंगावर काटा येतो ना? आठ वर्षांच्या पोराने नऊ तास राबणं, हे तेव्हा सुधारणा म्हणून धरलं गेलं. त्या मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या द्यायच्या, असंही त्यात लिहिलं होतं. मोठ्या माणसांसाठी, बायकांसाठी काहीच नव्हतं.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांची चौकशी करायला एक आयोग नेमला. लोखंडे यांनी ही संधी धरली. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. अर्जात पाच मागण्या होत्या. एक, सगळ्या कामगारांना दर रविवारी सुट्टी मिळावी. दोन, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. तीन, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्य मावळला की थांबावं. चार, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. पाच, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय व्हावी.

मैत्रिणींनो, या यादीचा क्रम बघा. पोट हातावर असलेली ही माणसं होती. पगार वाढवा, हे त्यांनी पहिलं लिहिलं नाही. पहिल्या मागणीत सुट्टी आहे, दुसऱ्या मागणीत दुपारचा विसावा आहे आणि तिसऱ्या मागणीत दिवस कधी संपावा ते आहे. "गरिबाला कुठला विसावा, विसावा श्रीमंताचा" असं आपण सहज म्हणतो. या साडेपाच हजार माणसांना तसं वाटलं नव्हतं. थकलेलं शरीर हेच त्यांचं भांडवल होतं आणि ते रोज थोडं थोडं संपत होतं, हे त्यांना कळत होतं.

त्याच वर्षी लोखंडे यांच्या पुढाकाराने 'बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन' उभी राहिली. भारतातली पहिली कामगार संघटना म्हणून तिचं नाव घेतात. आजच्यासारखी वर्गणी, नोंदणी, पावतीपुस्तक असली ती संघटना नव्हती. पण कामगारांच्या वतीने अर्ज करणारं, बोलणारं कुणीतरी आता होतं.

अर्ज गेला आणि पडून राहिला. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. लोखंडे 'दीनबंधू'त लिहीत राहिले, सभा घेत राहिले. मग २४ एप्रिल १८९० ला मुंबईत मोठी सभा झाली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. आणि या सभेत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. काळ लक्षात घ्या, १८९० चा. बाईने चारचौघांत मान वर करून बोलायचं नाही, असा तो काळ. त्या काळात दिवसभर राबणाऱ्या दोन बायका दहा हजार माणसांपुढे उभ्या राहून सांगतात, आम्हालाही एक दिवस सुट्टी हवी. आपल्यातली एखादी ग्रामसभेत पहिल्यांदा बोलायला उठते, तेव्हा पाय कसे कापतात ते आपल्याला माहीत आहे. त्या दोघींचेही कापले असतील. तरी त्या बोलल्या.

त्या सभेचा अर्ज गिरणी मालकांच्या संघाकडे गेला. १० जून १८९० ला मालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. ही तारीख लक्षात ठेवा, १० जून. रविवार का मागितला, याबद्दल असं सांगतात की लोखंडे यांनी खंडोबाचा दाखला दिला होता. मराठी कामगारांपैकी कितीतरी जणांचं कुलदैवत खंडोबा आणि त्याचा वार रविवार. साहेबाचा चर्चचा वार आणि आपल्या मल्हारीचा वार एकच निघाला, तो असा.

पुढच्या वर्षी, १८९१ मध्ये, नवा कायदा आला. आठवड्याची सुट्टी आता मालकाच्या मर्जीवर राहिली नाही, कायद्यात आली. दुपारी अर्धा तास काम थांबवणं आलं. आणि बायकांचं नाव कायद्यात पहिल्यांदा आलं. बाईकडून दिवसाला अकरा तासांहून जास्त काम घ्यायचं नाही आणि अकरा तास काम असेल तर मध्ये दीड तास विसावा द्यायचा. तेव्हा गिरणीत दर चार-पाच कामगारांत एक बाई होती. बहुतेक जणी सूत गुंडाळण्याच्या खात्यांत होत्या, उक्त्या मजुरीवर. जेवढं काम, तेवढा पैसा.

इथे थोडं थांबू, कारण यातच एक मेख आहे. उक्त्यावर काम करणाऱ्या बाईला सुट्टीच्या दिवशी मजुरी नसते. म्हणजे तिला विसावा मिळाला, पण त्याची किंमत तिनेच मोजली. विसाव्याचा इतिहास वाचताना आम्हाला हा प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो. विसावा फुकट कधीच नसतो, त्याची किंमत कुणीतरी देतं. ती मालकाने द्यायची, सरकारने द्यायची, घरातल्या इतरांनी वाटून घ्यायची, की त्या बाईनेच? हा प्रश्न मनात ठेवून पुढे ऐका.

लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. पुढच्याच महिन्यात पुण्याला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. एका वाटेचे दोन वाटसरू एका महिन्याच्या अंतराने गेले.

पुढे काय झालं? १९०५ च्या सुमाराला गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिवा आला म्हणजे सोय झाली, असं आपल्याला वाटतं. मालकांना मात्र रात्रही दिवसासारखी वापरता येऊ लागली. सूर्य मावळला की काम थांबायचं, तो नियम गेला. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. मग ओरड झाली, पुन्हा आयोग बसला आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठीही बारा तासांची मर्यादा आली. यातून एक धडा मिळतो. यंत्र आलं, वीज आली म्हणून विसावा आपोआप मिळत नाही. वाचलेला वेळ कुणाच्या खात्यावर जमा करायचा, हे वेळीच ठरवलं नाही, तर तो दुसराच कुणी उचलून नेतो.

आपल्या घरातही हेच झालं आहे. आपल्या आज्या पहाटे उठून जातं ओढायच्या. त्या ओव्यांमध्ये त्यांनी आपलं सगळं आयुष्य सांगून ठेवलं. महाराष्ट्रातल्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकर, गी पॉयत्वाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या आहेत. मग गावात पिठाची गिरणी आली, नळ आला, गॅस आला. पहाटेचे दोन-तीन तास वाचले. ते तास कुठे गेले? मुलांच्या डब्यात गेले, दुसऱ्याच्या रानात मजुरीला गेले, दुभत्या जनावरांत गेले. आणि जात्यावर बसून दोघी-तिघींनी एकत्र गाण्याचा तेवढा जो वेळ होता, तोही गेला.

मुंबईच्या चाळींतही रविवार आला तो पुरुषांसाठी आला. पुरुष भजनी मंडळात गेले, आखाड्यात गेले, तमाशाला गेले, सभेला गेले. हे सगळं चांगलंच होतं. मोकळा वेळ मिळाला म्हणून गिरणगावात गाणी झाली, नाटकं झाली, संघटना वाढली, चळवळी उभ्या राहिल्या. माणसाला घटकाभर मोकळी मिळाली की तो नुसता झोपत नाही. तो बोलतो, विचार करतो, एकत्र येतो. पण बाईच्या रविवारी काय होतं? आठवड्याचे साचलेले कपडे, सामाईक नळावरची रांग, घरी असलेल्या सगळ्यांचं दोन्ही वेळचं रांधा, वाढा, उष्टी काढा. कितीतरी बायका खाणावळी चालवायच्या. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवायचे. कामगाराला सुट्टी असली तरी पोटाला सुट्टी नसते, म्हणून खाणावळवालीला रविवार नव्हता. याच बायकांना एकत्र आणून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' सुरू केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या बचत गटांच्या आधीची ती आपली थोरली बहीणच म्हणायची.

थकलेल्या बाईची किंमत तिचं लेकरूही मोजतं. गिरणीत जाणारी बाई तान्हं बाळ घरी ठेवायची, तेव्हा ते रडू नये, निजून राहावं म्हणून त्याला अफूची 'बाळगोळी' द्यायची चाल मुंबईत होती. १९२० नंतरच्या काळात डॉक्टरांनी आणि चौकशी आयोगाने ही गोष्ट लिहून ठेवली. त्या आयांना दोष देऊ नका. बाळाजवळ बसायला त्यांना वेळच दिला गेला नव्हता. पुढे १९२९ मध्ये मुंबई प्रांताने बाळंतपणाच्या रजेचा कायदा केला. या विधेयकाला मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. बाईला बाळंतपणात पैशासह विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या मघाच्या प्रश्नाला हे सरळ उत्तर आहे. बाईच्या विसाव्याची किंमत एकट्या बाईने देऊ नये.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली, म्हणजे सहा दिवस आठ-आठ तास. १९४८ च्या कारखाने कायद्यात आठवड्याची सुट्टी, सलग पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विसावा आणि जास्त बायका असतील तिथे पाळणाघर, हे सगळं एकत्र आलं. १८८४ च्या त्या अंगठ्यांचा माग इथपर्यंत येतो.

पण मैत्रिणींनो, हे सगळं कारखान्याच्या दारापर्यंत. दाराबाहेर रान आहे, वीटभट्टी आहे, उसाचा फड आहे आणि आपली चूल आहे. तिथे यातलं फारसं काही पोचलं नाही.

उसाचा फड बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. पाळीत पोट दुखत असलं, ताप असला, तरी बाई खाड्याच्या भीतीने मोळी उचलते. राज्य सरकारने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यामागची कारणं पुष्कळ आहेत. नीट तपासणी नाही, शौचालय नाही, आडोसा नाही, लवकर लग्न, लवकर बाळंतपण, चुकीचे सल्ले. पण त्यात हेही एक कारण आहे की बाईला दुखण्यात चार दिवस पडून राहायची सोय नाही. विसावा मिळत नाही, म्हणून शरीराचा एक भागच काढून टाकायचा, इथवर गोष्ट गेली आहे. म्हणून आम्ही म्हणतो, विसावा ही चैनीची गोष्ट नाही.

आणि घरातलं काम? २०२४ मध्ये केंद्र सरकारने लोक आपला वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात रोजचे सरासरी २८९ मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पावणेपाच-पाच तास. घरकामात हात लावणाऱ्या पुरुषाचे जातात ८८ मिनिटं, म्हणजे दीड तासाच्या आत. आणि हात लावणारे पुरुष आधीच थोडे आहेत, हे वेगळंच. या पाच तासांवर आपली मजुरी, शेती, जनावरं, गटाचं काम. चुलीला ना दहा जून, ना रविवार.

मग घरकामाची सुट्टी कुणी मागितलीच नाही का? मागितली. आइसलँड नावाचा युरोपातला एक छोटा देश आहे. तेव्हा त्याची लोकसंख्या आपल्या एखाद्या तालुक्याएवढी, दोन-सव्वादोन लाख. २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या दहापैकी नऊ बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं. नोकरीचंही आणि घरचंही. स्वयंपाक नाही, पोरं सांभाळणं नाही. गंमत अशी की त्यांनी त्याला 'संप' म्हटलं नाही, 'बायकांची सुट्टी' म्हटलं. संप म्हटलं असतं तर पुष्कळ जणी घाबरल्या असत्या, सुट्टी म्हटल्यावर सगळ्या आल्या. त्या दिवशी बाप मुलांना घेऊन कामावर गेले. पटकन शिजणारे पदार्थ दुकानांतून संपून गेले. शाळा, दुकानं, कारखाने यांचं काम अडलं. बायका काय करतात, हे न सांगता सगळ्यांना कळलं. पुढच्या वर्षी तिथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला आणि १९८० मध्ये त्या देशाने एका बाईला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिलं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं ठीक, पण आमच्या घरी कोण ऐकणार? आम्ही सासू-सुनेचं भांडण लावायला आलेलो नाही. आमचं म्हणणं एवढंच की आपल्या हातात जे आहे, तिथून सुरुवात करू. गटाच्या हातात चार गोष्टी नक्की आहेत.

पहिली, बैठकीची वेळ. आपल्या पुष्कळ गटांच्या बैठका रात्री नऊला होतात, सगळं आवरल्यावर. डोळे मिटत असताना आपण व्याजाचा हिशोब करतो. बैठक बाईच्या झोपेतून कापून घेऊ नका. संध्याकाळी लवकर ठेवा आणि त्या दिवशी घरातल्यांना सांगा, आज भाकरी टाकायची पाळी तुमची.

दुसरी, वेळेचा हिशोब. आपण रुपयाचा हिशोब वहीत ठेवतो, तसा एक आठवडा वेळेचा ठेवून बघा. उठले किती वाजता, निजले किती वाजता, पाठ टेकली किती वेळ. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा. कागदावर आलं की घरातल्यांनाही दिसतं आणि आपल्यालाही. तोवर "दिवसभर करतेस काय?" या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसतं.

तिसरी, एकमेकींसाठी पाळी. गटातली एखादी बाळंतीण असेल, ऑपरेशन झालेली असेल, तर चार दिवस पाणी भरणं, जनावराचा चारा, भाकरी हे आपण वाटून घेऊ शकतो. रानातल्या कामात आपण सावड करतोच ना? आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. तशी विसाव्याचीही सावड करता येईल. आणि पहिलटकरणीला सरकारच्या मातृवंदना योजनेतून पैसे मिळतात, ते मजुरी बुडाली तरी तिला विसावा घेता यावा म्हणूनच आहेत. ते तिच्या खात्यात आले का आणि तिला विसावा मिळाला का, दोन्ही विचारा.

चौथी गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अवघड. दार वाजलं तर बसलेल्या जागेवरून उठू नका. सून बसलेली दिसली तर "काय गं, काम नाही का?" असं विचारू नका. तिच्या शेजारी बसा. नागपंचमीला झोका बांधा, झिम्मा-फुगडी खेळा, गाणी म्हणा. या खेळांना आपण पोरखेळ समजत आलो. खरं तर आपल्या आज्यांनी जपून ठेवलेली ती आपली हक्काची सुट्टी होती.

लोखंडे यांच्या अर्जावर ज्यांनी अंगठे उठवले, त्यांच्यापैकी पुष्कळांना वाचताही येत नव्हतं. पण थकव्याचं नाव त्यांना माहीत होतं आणि ते त्यांनी मोठ्याने घेतलं. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे. येत्या १० जूनला आपापल्या गटात ही गोष्ट सांगा. त्या दिवशी एक तास बैठक ठेवा, त्यात वसुली नको, हिशोब नको, नुसतं बसा. चहा मात्र दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा.

आता आमचं बोलणं संपलं. पाठ टेकायला जागा असेल तर घटकाभर टेकून घ्या. बरं, येतो आम्ही. नमस्कार.